थोरल्या सुनेची बहीण

१६ मार्च

वैवाहिक स्थिती — अविवाहित. माझ्याच बोटानं दाबलं आज!

चितेगावात हारिसच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो होतो. हे, थोरले दीर आणि मी. अग्निवीरच्या फॉर्मसाठी पार दाराबाहेर पोरं उभी. हारिस म्हणाला, "ताई, तुमची बारावी झालीये ना? त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तुम्हीच भरून टाका. फोटो-सही मी चढवतो." मग बसले. ह्यांचं नाव, वडिलांचं, आईचं. उंची. अधिवास. ओळखीची खूण — उजव्या भुवईत तीळ. हे काही मला कोणाला विचारावं लागलं नाही. मग तो रकाना आला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे पंख्याकडं बघत होते. दीर मागून हळूच म्हणाले, "दाब की, योगिने. ठरलंय ना आपलं."

ठरलं होतं, खरंय. लग्न झालेल्याला घेत नाहीत, आणि घेतल्यावर चार वर्षं लग्न करू देत नाहीत. आमचं लग्न म्हणजे तरी काय — थोरल्याच्या मांडवात उरकलेलं. दिरांचं माझ्या मोठ्या बहिणीशी, रूपाशी ठरलं. आमच्यात मेंढरांमागं पांगलेली भावकी एकदा गोळा झाली की एका मांडवात दोन लग्नं लावून मोकळे होतात. म्हणून दोघा भावांना दोघी बहिणी. ह्यांना एकवीस पुरे नव्हते. रूपाच्या लग्नाची नोंद झाली, फोटो लावलेलं सर्टिफिकेट आलं, ते तिनं देव्हाऱ्याशेजारी टांगलंय. माझ्या लग्नाची नोंदच नाही. आधारवर अजून बापाचं नाव. तेव्हा मी किती रुसले होते! आता सगळे म्हणतात, बरं झालं बाई नोंद नाही ते.

प्रिंट काढताना हारिसनं दिरांना विचारलं, "ताई कोण तुमच्या?"

दीर म्हणाले, "आमच्या मंडळींची बहीण."

एक शब्द खोटा नाही. म्हणूनच जास्त लागलं असेल.

१८ मार्च

सासूबाईंनी सकाळी समोर बसवलं. मी त्यांना आत्या म्हणते. "मंगळसूत्र दे बाई, माझ्या पेटीत ठिवते. चार वर्सांचा तर सवाल हाय. कुणी चौकशीला आलं तर?" दिलं. जोडवी निघेनात, साबण लावून काढली. बोटांवर पांढरे पट्टे राहिलेत.

रूपा चुलीपुढं भाकरी थापत होती. वाकली की तिच्या वाट्या परातीवर लोंबत होत्या. मला तिचा इतका राग आला! तिनं काय केलंय? काही नाही. थोरल्याशी लग्न केलं, एवढंच.

मग हाका बदलायचं ठरलं. आत्यांना मावशी म्हणायचं. मामांना — म्हणजे सासऱ्यांना — काका. दिरांना दाजी. मी विचारलं, "आणि ह्यांना?" शेवटी मामाच म्हणाले, "नाव घे की. लोकं घेत्यात तसं."

उखाण्यात एकदाच घेतलं होतं मी. जीभ वळत नाही.

२५ मार्च

लग्नाचा फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर पांघरला होता. आज दिरांनी उलटा घातला. आमचे चौघांचे चेहरे खाली, पांढरी बाजू वर. मोबाईलमधले फोटोही सगळ्यांकडून पुसून घेतले. चुलत सासूनं एक ठेवलाय म्हणे. मागावा का?

६ एप्रिल

हे अकॅडमीत राहायला गेले. बजाजनगरला कोणा रिटायर सुभेदाराची अकॅडमी आहे, तिथंच पत्र्याच्या खोलीत आठ-दहा पोरं. फोनवर नवी भाषा ऐकते — ग्राउंड मारलं, फिजिकलला एवढे, मेडिकलला तेवढे, मेरिट इतक्यावर लागतं. आणि सृष्टी. सृष्टी म्हणती पहाटे केळं खाऊन पळावं. सृष्टीचा स्टॅमिना लई भारी. सृष्टी पण भरती द्यायलीय, मिलिटरी पोलिसात.

मी म्हटलं, जेवलात का? म्हणाले, व्हय, सृष्टीच्या आईनं डबा दिलता.

१३ एप्रिल

पाहिली एकदाची सृष्टी.

दिरांच्या गाडीवर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते. मनात जशी रंगवली होती तशी अजिबात नव्हती. म्हणजे चांगली होती. केस बारीक कापलेले, पायात झिजलेले बूट, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. ह्यांनी डबा घेतला आणि तिला सांगितलं, "ही आमच्या वहिनीची बहीण."

"हिला नाव नाय का?" ती म्हणाली.

हे म्हणाले, "योगिनी." आठवून सांगितल्यासारखं.

मग मीही म्हटलं, "डबा रिकामा करून द्या लवकर, मल्हारीभाऊ." ह्यांचं तोंड असं झालं! परत येताना गाडीवर मागं बसून मी हसत होते. घरी पोचल्यावर रडले.

सृष्टीनं जाताना मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उंची काय गं तुझी? पाच-चार तरी भरशील. पळती का कधी?" म्हटलं, मेंढरांमागं. "मग झालं की. अजून काय पायजे यार?" नंबर घेतला माझा. मीही तिचा घेतला. लक्ष ठेवायला बरा.

१२ मे

जागरण झालं काल. लग्नानंतर दोन महिन्यांत घालायचं, पण मध्ये सुतक आलं म्हणून राहिलं होतं. खंडोबापुढं जोडीनं बसावं लागतं. वाघ्या म्हणाला, "दोन जोडपी व्हती ना? दुसरं बसवा की." मामा म्हणाले, "एकच बसतंय."

रूपा आणि दीर उपरण्याची गाठ मारून बसले. मी चहाच्या किटलीपाशी. हे पुरुषांत बसून टाळ्या वाजवत होते, छान तालात. देवापुढं तरी! एवढंच मनात येत राहिलं, देवाला कुठं दाखला दाखवायचाय?

आज रूपाशी दिवसभर बोलले नाही. तिनं माझ्या वाटणीची भांडीही घासली. त्यानं तर आणखीच चीड आली.

१९ मे

पळायला लागले आहे. कोणाला सांगितलं नाही. मेंढरं सोडायला जाते तेव्हा ओढ्यापासून पार डांबरी लागेपर्यंत. साडी नेसायची सक्ती नाही आता — "रूपाच्या बहिणीला" पंजाबी ड्रेस चालतो. पहिल्या दिवशी बरगड्या दुखल्या. शाळेत असताना पळण्यात तालुक्याला दुसरी आले होते मी, हे कोणाला आठवतंय का इथं? मलाच आठवलं तीन वर्षांनी.

कशासाठी पळते? सृष्टी पळते म्हणून. दुसरं काही कारण नाही.

२ जून

सृष्टीशी रोज बोलते. विचारते पळण्याचं, ऐकायचं असतं दुसरंच. आज आडून आडून विचारलं — मल्हारीभाऊ तिकडं कोणाशी जास्त बोलतात का? तर म्हणाली, "तो कुणाशी बोलतो? आरशाशी! छाती फुगवून बघत बसतो. पाच सेंटीमीटर फुगायला पायजे ना."

हसू आलं. पण आरसासुद्धा मला नको वाटला.

४ जुलै

ह्यांची परीक्षा झाली. बरी गेली म्हणाले. रूपाला दिवस गेलेत. दोन्ही एकाच दिवशी कळलं. आत्यांनी पेढे आणले. मला पेढा देताना हळूच म्हणाल्या, "तुला काय घाई हाय? चार वर्सं मोकळी हिंड."

मोकळी!

३० ऑगस्ट

परीक्षेत पास. यादीत ह्यांचा नंबर. सृष्टी नापास. आनंद झाला मला, लाज वाटायला हवी होती. फोन केला तर ती रडत नव्हती. "पुढच्या साली परत भरणार. तू पण भर गं, सोबत होईल. खरंच पळती का नुसतं ऐकती माझं?"

मी खोटं सांगितलं — नुसतं ऐकते.

२२ सप्टेंबर

ग्राउंडला जाताना फाइल लागते. चारित्र्याचा दाखला, अधिवास, जात, दहावी-बारावी, आणि सरपंचाकडून फोटोसकट अविवाहित असल्याचा दाखला. तो आज आला. दीर सकाळी घेऊन आले, शाई ओली होती म्हणून वाळेपर्यंत ओट्यावर ठेवला. मी तिथंच वाचला.

"सदर इसम माझ्या चांगल्या ओळखीचा असून तो अविवाहित आहे, असे प्रमाणित करण्यात येते."

चांगल्याच ओळखीचा! अक्षता टाकताना सरपंच सगळ्यांत पुढं होते. ह्यांना फेटा त्यांनीच बांधला होता. "घे पुसून घाम, नवरदेव," म्हणाले होते. आणि फोटोही तोच, लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोघं मिळून स्टुडिओत गेलो तेव्हा काढलेला, पासपोर्ट साइज. तेव्हा स्टुडिओवाल्यानं एका कागदावर माझेही काढून दिले होते.

झेरॉक्स काढायला मलाच पाठवलं. दोन पुरे म्हणाले होते, मी तीन काढल्या. तिसरी माझ्याकडं आहे.

आणि अविवाहित इसमाला "हे" कोणी म्हणायचं? आजपासून इथंही मल्हारीच लिहिते. जीभ नाही वळत, हात वळतो.

१७ ऑक्टोबर

मल्हारी ग्राउंडमध्ये पास. पहिल्या गटात आला. आत्यांनी दारातच दृष्ट काढली. मीही खिडकीतून मनातल्या मनात काढली. काय करणार, आवडतो मला तो. धूळ भरलेले बूट काढताना एवढंसं हसला माझ्याकडं बघून, तर महिन्याभराचा राग गेला.

संध्याकाळी राग परत आला. शेजारच्या बाया त्याला ओवाळत होत्या एकेक करून, आणि मी ताट धुवायला.

११ नोव्हेंबर

मेडिकलही झालं. आज ठाण्यातून एक हवालदार चौकशीला आला. आत्यांनी मला पुस्तक देऊन बसवलं — रूपाची आठवीतली बालभारती! हवालदारानं विचारलं, "ही कोण?" आत्या, मामा, दीर तिघं एकदम म्हणाले, "सुनेची बहीण." शाळेतली कविता म्हणावी तसं. हवालदार माझ्या पुस्तकाकडं बघून म्हणाला, "क्या बात है, अच्छा है, पढो." तेवढ्यात वारं सुटलं आणि गंजीवरचा फ्लेक्स फडफडून एका कोपऱ्यानं वर आला. दीर धावत जाऊन त्याच्यावर बसले. साहेबांशी बोलायचं सोडून माणूस कडब्यावर चढून बसलेला! रूपा हसून हसून पोट धरून बसली. मीही हसले.

कोपरा वर आला तेव्हा मला दिसलं — वर आलेला चेहरा माझाच होता.

७ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

रूपाची ओटी भरायचा कार्यक्रम होता. तिला हिरवा शालू, फुलांचे दागिने. पाच सवाष्णींनी ओटी भरायची. चार झाल्या, पाचवी मी, असंच धरून चालले होते, नारळ हातात घेऊन उभी होते. सख्खी बहीण. रूपानं हाकही मारली — "योगिनी, ये की." बाहेरची माणसं बसलेली. आत्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. आणि शेजारच्या पोरीला, मोनालीला, पुढं केलं. सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेली ती! माझ्या हातातला नारळ तिनं घेतला. रूपाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला दिसलं. पण हेवा कमी झाला नाही. तिचा शालू, तिचं पोट, तिची पाच नारळांची ओटी — एकेक डोळ्यांत सलत होतं.

जेवणं झाल्यावर हर्सूलकडचे एक पाहुणे, कडुबा म्हणून, मामांजवळ सरकले. मी पान-सुपारीचं ताट घेऊन उभी होते. म्हणाले, "खंडेरावभाऊ, पोरगं मिल्ट्रीत लागलं म्हणं. आमची धाकली हाय, दहावी झालेली."

मामांनी ताटातली सुपारी उचलली.

"लग्न झालतं आसं ऐकलं व्हतं. पण सरपंचानं अविवाहिताचा कागद दिला म्हणं. मंग म्हणलं मोडलं आसंल."

मोडलं असेल! मी ताट धरून उभी. मल्हारी तिथंच, भिंतीला टेकून, मोबाईल बघत. आत्या म्हणाल्या, "चार वर्सं लग्न करता येत नाय त्याला."

"त्याची काय घाई नाय आमाला."

आणि आत्या म्हणाल्या, "मंग बघू."

मंग बघू. झालंय म्हणाल्या नाहीत. नाही म्हणाल्या नाहीत. मी मल्हारीकडं बघत राहिले. त्यानं मान वर केली नाही.

पाहुणे गेल्यावर गोठ्यामागं गाठलं त्याला. म्हटलं, तुम्ही का नाही बोललात? "आगं, त्यानं कुटं तक्रार केली आसती म्हंजी? सगळं हातातून गेलं आसतं. जरा समजून घी की." म्हटलं, आत्या मग बघू म्हणाल्या. "म्हणायची पद्धत आसती ती."

त्याच्यासाठी पद्धत असेल. मला त्या न पाहिलेल्या दहावीच्या पोरीचाही हेवा वाटतोय. तिला निदान कोणी मागणी तरी घालून गेलं.

८ डिसेंबर

पळाले. आज डांबरीच्याही पुढं.

१४ जानेवारी

मल्हारी ट्रेनिंगला गेला. स्टेशनवर सगळे. सासूबाईंनी मिठी मारली, रूपानं नवव्या महिन्याचं पोट सांभाळत तिळगूळ दिला. माझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "येतो मग." मी म्हटलं, "सांभाळून जा, मल्हारी." भाऊ लावलं नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्याच्या खांद्यावर काळी बॅग, त्यात फाइल. एकेक कागद मीच लावलाय त्यात. गाडी हलली तेव्हा मला वाटलं रडू येईल. आलं नाही. हेवा आला. त्याचा! सीट, बॅग, पुढचं गाव, कोणीतरी तिकडं त्याचं नाव पुकारणार. सृष्टीचा हेवा वाटायचा तो त्याच्यापायी, असंच मी समजत होते. तसं नव्हतं. तिच्या बुटांचा होता तो.

२ फेब्रुवारी

रूपाला मुलगी झाली. सव्वाशेर आवाज आहे पोरीचा. हातात घेतली. हिचा नाही वाटत हेवा.

बोटांवरचे जोडव्यांचे पट्टे उन्हानं भरून आलेत. शोधूनही सापडत नाहीत.

१८ फेब्रुवारी

माहेरी आले. आईनं दारातच विचारलं, "भांडण झालं का काय?" म्हटलं, नाही. आपल्या गावच्या साहेबराव सरपंचांकडं काम आहे. "कसलं काम?" म्हटलं, सांगते.

१ मार्च

साहेबराव सरपंच म्हणाले होते, "आगं योगिने, तुह्या लग्नात मी पंगतीला व्हतो." मी पिशवीतून मल्हारीच्या दाखल्याची तिसरी झेरॉक्स काढून पुढं ठेवली. "मग हा कोणाच्या लग्नात उभा होता, काका?" त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. माझा फोटो चिकटवला, तोच स्टुडिओतला, आणि शिक्का मारला.

आज हारिसकडं गेले. म्हणाला, "ताई, आता कुणाचा फॉर्म?"

म्हटलं, "रूपाच्या बहिणीचा."

मिलिटरी पोलीस. सृष्टी शेजारच्या खुर्चीवर तिचा भरत होती. तो रकाना आला तेव्हा बोट थांबलं नाही. निवड होईल, न होईल.

रविवार म्हणून मल्हारीचा फोन आला. "काय म्हणती आमची बायको?" म्हटलं, कोण? तुझं तर लग्न झालेलं नाही, मल्हारी. माझंही नाही. दोघांचे शिक्के आहेत. चार वर्षांनी सुटलास की आईवडिलांना घेऊन रीतसर मागणी घालायला ये.

मग बघू.